पान चार, मुद्दा सात

बडेकर साहेबांच्या निरोपाच्या कार्यक्रमात तिघांनी त्यांना ‘उत्तम वक्ते’ म्हटलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला समजेना, हे तिघं नक्की कोणाबद्दल बोलतायत. साजगावच्या आमच्या कारखान्यात मी साहेबांच्या हाताखाली सात वर्षं काढली. त्या सात वर्षांत त्यांनी चार माणसांसमोर उभं राहून एक वाक्य सरळ सुरू करून सरळ संपवलेलं मी ऐकलं नाही. मध्येच थांबायचे. “मंगळवार होता. नाही, बुधवार. थांबा, मंगळवारच,” असं करत वाराचा निकाल लागेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत. आवाज बारीक. हातांचं काय करावं हे त्यांना कधीच कळलं नाही. खिशातला टेस्टर काढून उगाच त्याची क्लिप उघडझाप करत राहायचे.

तरीही त्यांनी सांगितलेलं माणसांच्या लक्षात राहायचं. हे कसं, ते मला तेव्हा कळलं नाही. आज त्यांच्या जागी मी उभी राहते, तरी नीट कळलंय असं म्हणवत नाही.

साहेब मूळचे खालापूरकडचे. घरची भातशेती भाऊ बघायचा, आणि हे डिप्लोमा करून आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागले ते तिथेच राहिले. आमच्याकडे पोलादी पत्र्याची मोठाली गुंडाळी येते. ती यंत्रावर उलगडून तिच्या अरुंद पट्ट्या कापल्या जातात. या यंत्रांना आम्ही लाइन म्हणतो. साहेबांना प्रत्येक लाइनचा आवाज ओळखू यायचा. अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा डाग कधी दिसायचा नाही, याचं सगळ्यांना नवल होतं. नुसता आकडा त्यांना सहन होत नसे. मी घाईत म्हणाले, “सर, दोन कमी आहेत,” की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “दोन काय? दोन माणसं, दोन मिनिटं का दोन मिलिमीटर?” उत्तर मिळाल्याशिवाय चष्मा खाली यायचा नाही. त्यांचे रिपोर्ट म्हणजे आखीव समास, मुद्द्यांना क्रमांक, खाली बारीक सही. असा माणूस पुढे सेफ्टी विभागात येतो आणि डब्यात कुठली भाजी होती ते लोकांना सांगत सुटतो, हे मला पहिल्या दिवसापासून चमत्कारिक वाटलं.

तो पहिला दिवस सांगते. मी कर्जतहून कंपनीच्या बसने यायला लागले त्याला जेमतेम महिना झाला होता. मला प्रशिक्षणाचा तास दिला होता. मी बेचाळीस स्लाइड केल्या. आकृत्या होत्या, बाण होते, लाल-पिवळे त्रिकोण होते. समोर पहिल्या पाळीचे तीसेक ऑपरेटर. विसाव्या स्लाइडला दोघांनी डोळे मिटले, तिसाव्याला बाकीच्यांनी डोळे उघडे ठेवूनच झोप काढली. शेवटी काही मिनिटं उरली. मागच्या खुर्चीत बसलेले साहेब उठले.

“मी जरा बोलू का?” त्यांनी मलाच विचारलं, आणि टेस्टर काढून पुढे आले.

“तर त्या दिवशी मी डब्यात वांगी नेली होती,” ते म्हणाले. “म्हणजे तसा त्याचा काही संबंध नाही. पण मी जेवत होतो. तेव्हा आवाज आला. नाही, आवाज आला नाही. आवाज बंद झाला. दोन नंबरची लाइन अवेळी थांबली.”

खोलीत सगळे जागे झाले.

“त्याच्या तीन आठवडे आधी मी रिपोर्ट लिहिला होता. अकरा पानांचा. पान चार, मुद्दा सात. ‘दोन क्रमांकाच्या लाइनवरील जाळीच्या दाराच्या स्विचमध्ये अनियमितता आढळते. नियोजित बंदच्या काळात बदलणे इष्ट.’ मला पाठ आहे. अनियमितता म्हणजे काय? म्हणजे दार उघडलं तरी कधीकधी यंत्र थांबत नाही. पण मी तसं लिहिलं नाही. मी अनियमितता असं लिहिलं.”

मग त्यांनी काशिनाथचं सांगितलं. काशिनाथ कोंडाण्याचा, दोन नंबरचा ऑपरेटर. त्याने जाळीचं दार उघडलं, त्याला वाटलं यंत्र थांबलंय, अडकलेला तुकडा काढायला त्याने हात घातला. उजव्या हाताची चार बोटं गेली.

“चौकशी झाली. वरचे साहेब आले. माझा रिपोर्ट बाहेर निघाला. म्हणाले, बडेकरांनी वेळेत कळवलं होतं. मला बरं वाटलं. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं. संध्याकाळी मी हॉस्पिटलात काशिनाथला बघायला गेलो. तो म्हणाला, ‘साहेब, तुमाला म्हाईत व्हतं?’ मी म्हटलं, हो, मी लिहिलं होतं. तर म्हणाला, ‘मग मला का नाय सांगितलं? मी तर रोज तुमच्या समोरनं जातो.’”

एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. तात्पर्य नाही, ‘म्हणून मित्रहो’ नाही. मला वाटलं, यांचं बोलणं अर्धवट राहिलं आणि आता आपल्याला समारोप करावा लागणार. मी उठेपर्यंत तीन ऑपरेटर त्यांच्या खुर्चीपाशी गेले होते.

“साहेब, चार नंबरच्या दाराचा स्विच आमी तारेनं बांधलाय,” त्यातला एक म्हणाला. “सारखी लाइन थांबते म्हणून.”

साहेब कोणावर रागावले नाहीत. “चला, दाखवा,” म्हणून त्यांच्याबरोबर गेले. त्या दिवशी दुपारपर्यंत ती तार निघाली. माझ्या एकोणतिसाव्या स्लाइडवर नेमकं तेच लिहिलेलं होतं: सुरक्षा स्विच बांधून ठेवू नये. ती स्लाइड मी त्याच तासाला त्यांना दाखवली होती.

मी साहेबांना म्हटलं, “सर, तुमची ती गोष्ट—”

“गोष्ट म्हणू नको गं,” ते म्हणाले. “झालेलं आहे ते.”

त्यांच्या या बोलण्याचा उपयोग होतो की नाही, याचा हिशेब मला कधी लागला नाही. एकदा सगळ्या लाइनचे स्विच बदलण्यासाठी कारखाना दिवसभर बंद ठेवायची परवानगी हवी होती. नवे प्लांट हेड आले होते, तरुण, फार हुशार माणूस. आम्ही दोघं त्यांच्या केबिनमध्ये गेलो. माझ्याकडे आठ महिन्यांचे आकडे होते: कोणता स्विच किती वेळा बिघडला, किती वेळ लाइन थांबली. मी ते मांडले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू. मग साहेबांनी वांग्यांपासून सुरुवात केली. प्लांट हेडनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “बडेकर, भावनेचं आपण जरा बाजूला ठेवू या.”

“ठेवू या,” साहेब म्हणाले. “पण मी माझी चूक सांगतोय.”

आम्ही हात हलवत बाहेर आलो. मला साहेबांचा रागच आला होता. आकडे चांगले होते, यांनी मध्येच भाजी आणली. दोन दिवसांनी प्लांट हेड जिन्यात भेटले. त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, “ज्याची बोटं गेली, त्याचं नाव काय होतं?” मी सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले आणि खाली गेले. त्या रविवारी कारखाना बंद ठेवायचा हुकूम निघाला. आकड्यांमुळे की काशिनाथमुळे, मला आजपर्यंत माहीत नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, “आकडे तू दे. माझं मी सांगतो. काय लागू पडलं ते त्यांना विचार.” मी काही विचारलं नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की साहेबांच्या या कथनाचा व्हिडिओ करावा आणि तो सगळ्या शाखांना पाठवावा. साहेब म्हणाले, काशिनाथची परवानगी घेतल्याशिवाय करायचा नाही. म्हणून आम्ही एका शनिवारी कंपनीच्या जीपने कोंडाण्याला गेलो. भात कापून झालं होतं, खाचरांमधून वाल उभा होता. काशिनाथ ओटीवर बसून डाव्या हाताने वालाच्या शेंगा सोलत होता, आणि तो इतका सराईतपणे सोलत होता की मी बघतच राहिले. साहेबांना पाहून तो उठला. त्याची बायको, सुमनवहिनी, पाणी घेऊन आल्या. अपघातानंतर कंपनीने त्याला गेटवरचं काम दिलं होतं, पण काही वर्षांनी ते सोडून तो गावी शेती बघायला आला होता. साहेब वर्षातून एकदा इकडे येत असत, पण त्या दिवसाचं दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

साहेबांनी व्हिडिओचं सांगितलं.

“सांगा की, आमची काय ना नाय,” काशिनाथ म्हणाला. “पण तुमी काय सांगता ते एकदा मला बी ऐकवा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेस्टर काढला. शेकडो माणसांना सांगितलेलं ते सगळं त्यांनी ज्याच्याबद्दल होतं त्याला पहिल्यांदा सांगितलं. वांगी, पान चार, मुद्दा सात, चौकशी, हॉस्पिटल. काशिनाथ शेंगा सोलायचा थांबला होता. शेवटी त्याने मान हलवली.

“साहेब, तुमचं खोटं नाय. पण आमाला म्हाईत व्हतं.”

“काय माहीत होतं?”

“तो स्विच नीट नाय ते. अख्ख्या पाळीला म्हाईत व्हतं. आमी दार उघडलं का दोनदा हलवायचो. दोनदा हलवलं का थांबायचं. त्या दिशी मी एकदाच हलवलं.”

“का?”

“आता का म्हंजे. पोरीला बघाया पावणे यायचे व्हते, घाई व्हती. नायतर तसं बी नसंल. हात रोजच जायचा, त्या दिशी बी गेला.” त्याने पुन्हा एक शेंग उचलली. मग म्हणाला, “आन् मी तुमाला हॉस्पिटलात तसं इचारलं? मला तर तुमी आल्यालंच आठवत नाय. मी गुंगीत व्हतो.”

“मी इचारलं व्हतं,” दारातून सुमनवहिनी म्हणाल्या. “भायेर, बाकड्यावर. साहेब रडाया लागले म्हणून मीच मग च्या आणून दिला. तुमाला आठवत नाय, साहेब?”

साहेबांना आठवत नव्हतं. त्यांच्या सांगण्यात ते कधी रडले नव्हते आणि चहाही नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पण विचारण्यासारखं काही त्यांना सापडत नव्हतं. मग अगदी हळू म्हणाले, “काशिनाथ, तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलं?”

काशिनाथ हसला. त्या हसण्यात राग नव्हता. “तुमी सारखं लिहीत व्हता की, साहेब. आमाला वाटलं, तुमाला म्हाईत आसंल.”

वहिनींनी आम्हाला वालाची पिशवी भरून दिली. येताना जीपमध्ये साहेब पळसदरीपर्यंत ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, “बारा वर्षं मी दुसऱ्याचं वाक्य सांगत होतो.”

“मग आता काय करणार?”

“मला नाही माहीत, स्मिता.”

मलाही माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, साहेबांच्या बोलण्याचा जोर त्याच्या खरेपणात आहे. आता ते खरं किती, तेच धूसर झालं. यंत्राची नोंद बारा वर्षांनी बघितली तरी तीच असते. माणसाने सांगितलेलं मात्र असं बाकावरून खाटेवर जातं, बायकोच्या तोंडचं नवऱ्याच्या तोंडी जातं, आणि सांगणाऱ्याला पत्ताही नसतो. मग त्यापेक्षा माझ्या स्लाइड काय वाईट, असं मला वाटलं, आणि पुढच्या प्रशिक्षणासाठी मी पन्नास केल्या.

व्हिडिओ झाला नाही. करणाऱ्यांना जुनंच हवं होतं. ते म्हणत होते, सर, ते सरळ आहे आणि शेवटी मनाला लागतं. साहेबांनी हात जोडले. पुढच्या तासाला त्यांनी नवीन सांगितलं. जुनं नऊ मिनिटांत व्हायचं, हे पंचवीस मिनिटं चाललं. मला असं वाटत होतं पण तसं नव्हतं, मी म्हणतो त्याने विचारलं पण तिने विचारलं, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि रोज आम्ही एकमेकांच्या समोरून जात होतो. दोनदा ते पार हरवले. शेवटी म्हणाले, “तर हे असं आहे. यातलं काय घ्यायचं ते मला सांगता येत नाही.”

आमचा जुना फिटर, भगत, बाहेर पडताना थांबला. “साहेब, राग मानू नका. जुनी बरी व्हती.”

“मलापण जुनीच बरी वाटायची,” साहेब म्हणाले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी त्यांनी मला विचारलं, “तुझं काही नाही?”

“माझं काय?”

“सांगण्यासारखं.”

“सर, माझ्या बाबतीत काही घडलेलंच नाही,” मी म्हटलं. साहेबांनी ‘बरं’ म्हटलं आणि जेवायला गेले. पुन्हा विचारलं नाही. पण मला माहीत होतं की मी खोटं बोलले. रुजू झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आग विझवायच्या लाल सिलिंडरची महिन्याची तपासणी माझ्याकडे होती. मागच्या शेडपर्यंत चिखल होता, मी नवीन बूट घातले होते. बारा सिलिंडर न बघताच मी ऑफिसात बसून यादीवर बारा खुणा केल्या आणि सही ठोकली. काही झालं नाही. कुठे आग लागली नाही, कोणाला कळलं नाही. ज्यात काहीच झालं नाही ते सांगायचं तरी कशाला, असं मी सात वर्षं स्वतःला समजावत होते. आणि सेफ्टीच्या बाईने असं सांगितलं तर तिचं कोण ऐकणार?

साहेबांच्या निवृत्तीला दोन महिने असताना माझा तास होता. माझी पन्नासांपैकी अकरावी स्लाइड सिलिंडरच्या तपासणीची होती. तिथे मी थांबले. का थांबले ते सांगता येत नाही. ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, “ही तपासणी मी स्वतः एकदा केली नव्हती.” आणि बुटांपासून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर सगळे खाली बघत होते, आणि मला वाटलं, संपलं, उद्यापासून हे लोक माझ्यासमोर हसणार. साहेब मागे बसले होते, तेही खाली बघत होते.

मग डिस्पॅचचा दिनकर उभा राहिला. “मॅडम, आमीपण तसंच करतो,” तो म्हणाला. “मागच्या शेडमधले आमी कधी बघतच नाय.”

तास तिथेच थांबला. आम्ही सगळे उठून मागच्या शेडमध्ये गेलो. बारापैकी पाच सिलिंडरचे काटे शून्यावर होते. त्याच शेडमध्ये रंगाचे आणि थिनरचे डबे ठेवलेले असतात. दिनकरने एक सिलिंडर हलवून पाहिला आणि खाली ठेवला. नंतर मी खोलीत मागे राहिलेल्या साहेबांकडे धावत गेले आणि म्हटलं, “सर, पाच.”

“पाच काय?” साहेबांनी विचारलं.

त्या रात्री मी हिशेब करत बसले. मी सांगितलं म्हणून पाच सापडले, हे खरं. पण सात वर्षं सांगितलं नाही, तेव्हा तिथे किती रिकामे होते? या प्रश्नाला उत्तर नाही. हे मी साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मलापण असंच होतं. तू सांगत राहा.” याने माझं समाधान झालं नाही, पण त्यांच्याकडेही याहून अधिक काही नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

निरोपाच्या दिवशी भाषण करायला त्यांना उभं केलं, तर त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि बसले. एका मिनिटात. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. मला वाटतं, त्यांना वार आठवत नव्हता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. खोपोलीला आमची बस चौकात अडकली होती. पलीकडे विजेच्या खांबाला शिडी लावून एक लाइनमन वर चढलेला होता, आणि खाली साहेब उभे होते. तोच पांढरा शर्ट. मान वर करून ते त्याच्याशी काहीतरी बोलत होते आणि मध्येच थांबत होते. एक हात वर उचललेला, तो हात कुठे न्यावा हे त्यांना समजत नसावं. लाइनमन आधी काम करता करता ऐकत होता. मग तो दोन पायऱ्या खाली आला, कोपर खांबाभोवती टाकून तसाच लटकत राहिला आणि बघू लागला. मी खिडकीची काच सरकवली, पण ट्रकच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही. साहेब त्याला काशिनाथचं सांगत होते, की नुसतंच घरची वीज कधी येणार ते विचारत होते, मला कळलं नाही. तेवढ्यात बस सुटली. मी मागे वळून बघितलं, तेव्हा लाइनमन आणखी एक पायरी खाली उतरत होता.